सहा फुटांचें बिऱ्हाड

मध्य लंडनच्या नैर्ऋत्येस, थेम्स नदीच्या उत्तर तीरावर, चेल्सी नांवाच्या भागांत तांबड्या विटांची एक विस्तीर्ण वास्तु तीनशेंहून अधिक वर्षें उभी आहे. तिला रॉयल हॉस्पिटल असें म्हणतात. परंतु नांवावरून होणारा ग्रह बरोबर नाहीं. तें केवळ रुग्णालय नव्हे. लष्करांतून निवृत्त झालेल्या वृद्ध शिपायांचें तें निवासस्थान होय. लाल डगला आणि तिकोनी टोपी घालून समारंभास निघालेले तेथील पेन्शनर इंग्लंडांत सर्वांच्या परिचयाचे आहेत. वास्तूच्या दर्शनी भागाची, तिच्या खांबांची व मनोऱ्याची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. पण तिचा खरा इतिहास बाहेरच्या खांबांत नसून आंतल्या दालनांत सांठलेला आहे. पुष्कळ वृद्ध माणसांनीं एका छपराखालीं राहावयाचें तर तें घर आंतून कसें असावें? त्यांत उजेड किती असावा, पायरी किती उंच असावी, एकट्याचें म्हणून किती आणि सर्वांचें म्हणून किती असावें? या प्रश्नांना निरनिराळ्या पिढ्यांनीं दिलेलीं उत्तरें या एका इमारतीच्या भिंतींत वाचावयास सांपडतात. आणि कांहीं उत्तरें दिल्यानंतर विसरलींही गेलीं, हें त्याच भिंती सांगतात.

चेल्सीची वास्तु बांधली जाण्यापूर्वीं युरोपांत निराधारांना आसरा देण्याची परंपरा बरीच जुनी होती. मध्ययुगांतील पद्धत अशी, कीं एक प्रशस्त सभागृह बांधावें, दोन्ही भिंतींशीं खाटा मांडाव्या आणि पुढच्या टोकास देवालय ठेवावें, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यालाही प्रार्थना ऐकूं यावी. फ्रान्समधील बोन या गांवीं इ. स. १४४३ त निकोला रोलँ यानें स्थापन केलेल्या धर्मशाळेचें दालन याच घाटाचें आहे. तेथें सोबत होती, ऊब होती, पण खाटेभोंवतीं ओढलेल्या पडद्यापलीकडे माणसाला स्वतःचें असें कांहीं नव्हतें. इंग्लंडांत विंचेस्टर येथें बाराव्या शतकांत हेन्री ऑफ ब्लुआ या बिशपानें तेरा गरिबांसाठीं सेंट क्रॉस नांवाचें आश्रयस्थान काढलें होतें. पंधराव्या शतकांत कार्डिनल बोफर्ट यानें त्याचा विस्तार केला, तेव्हां रहिवाशांसाठीं चौकाच्या कडेनें निरनिराळीं बिऱ्हाडें बांधलीं. त्या इमारतीवरील उंच धुराड्यांची रांग आजही दिसते. धुराडें वेगळें म्हणजे चूल वेगळी, आणि चूल वेगळी म्हणजे बिऱ्हाड वेगळें, हें मराठी घरांत वाढलेल्यास समजावून सांगावयास नको.

याहून बोलकें उदाहरण चिचेस्टर गांवच्या सेंट मेरी आश्रयस्थानाचें आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीचें तें दालन लांकडी खांबांवर उभें आहे. सतराव्या शतकांत तेथील चालकांनीं दालन न मोडतां त्याच्याच पोटांत, थोरल्या छपराखालीं, लहान लहान बिऱ्हाडें बांधून काढलीं आणि त्यांचीं विटांचीं धुराडीं जुन्या छपरांतून वर नेलीं. जणू थोरल्या घराच्या पदराखालीं धाकटीं घरें येऊन बसलीं. माणसाला वृद्धपणींही आपलें दार हवें असतें, आणि त्या दाराबाहेर पाऊल टाकतांच दुसरें माणूस भेटावें असेंही वाटतें. या दोन्ही इच्छा एकाच वास्तूंत कशा नांदवाव्या, हा या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

इ. स. १६७० त फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें पॅरिस येथें जखमी व वृद्ध सैनिकांसाठीं लेझँव्हालीद या भव्य वास्तूची आज्ञा दिली. तिची कीर्ति इंग्लंडांत पोंचली. इंग्लंडांत खडें सैन्य नुकतेंच उभें राहूं लागलें होतें, आणि खडें सैन्य म्हटलें कीं त्यांत म्हातारे होणारे शिपाईही आलेच. राजा दुसरा चार्ल्स याची प्रेयसी नेल ग्विन हिच्या विनवणीवरून हें धर्मकार्य झालें, अशी लोककथा आहे. ती गोड असली तरी लोककथाच आहे. कागदोपत्रीं ज्याचा हात दिसतो तो सर स्टीफन फॉक्स, सैन्याच्या पगाराचा व्यवहार पाहणारा धनिक अधिकारी. त्याच्याबरोबर सल्लामसलतीस जॉन एव्हलिन हा विद्वान दैनंदिनीकार होता. वृद्ध शिपायांच्या या घरांत ग्रंथालयही असावें, असा त्याचा आग्रह होता. खर्चाचा मोठा भाग शिपायांच्याच पगारांतून कापून घेतलेल्या रकमेंतून उभा राहिला. अर्थात् ज्याला राजाचें दान म्हणून गौरविलें जातें, त्यांतील पुष्कळ विटा शिपायांनीं स्वतःच्या कमाईनें बसविल्या होत्या.

इ. स. १६८२ त पाया घातला गेला. स्थपति म्हणून सर ख्रिस्तोफर रेन याची योजना झाली. त्या वेळीं सेंट पॉलचें प्रचंड देवालय याच गृहस्थाच्या देखरेखीखालीं बांधलें जात होतें. देवालय बांधणाऱ्या हातांनीं म्हाताऱ्यांचें घर बांधतांना मात्र निराळी दृष्टि ठेवली. मधला चौक तिन्ही बाजूंनीं इमारतींनीं वेढलेला, पण नदीकडे मोकळा सोडलेला; त्यामुळें वारा आणि प्रकाश आंत येण्यास अडसर नव्हता. मधल्या भागांत एका बाजूस भोजनाचें थोरलें दालन आणि दुसऱ्या बाजूस देवालय. चौकाच्या दोन्ही बाहूंत मजल्यावर मजले अशीं लांबलचक निवासदालनें. प्रत्येक बाहूच्या मधोमध, लांबीच्या दिशेनें, एक जाड भिंत घातली असून तिच्या दोन्ही अंगांस पाठीला पाठ लावून दालनें काढलीं आहेत. याचा परिणाम असा, कीं एका दालनाला सकाळचें ऊन मिळतें, तर त्याच्या पाठीमागच्याला दुपारनंतरचें.

दालनाच्या बाहेरच्या भिंतीला उंच खिडक्यांची ओळ आणि आंतल्या भिंतीला ओक लांकडाच्या फळ्यांनीं आखलेल्या चिमुकल्या खोल्यांची ओळ. प्रत्येक खोली सहा फूट लांब व सहा फूट रुंद. खाट आणि एखादी पेटी एवढेंच तींत मावावें. खोल्या व खिडक्या यांच्यामध्यें जी लांब मोकळी जागा राहिली, ती सर्वांची. तेथें शेकोटी, तेथें बांक, तेथें फेऱ्या मारावयाच्या, पावसाळी दिवशीं तेथेंच पाय मोकळे करावयाचे. श्रोत्यांनीं क्षणभर आपल्याकडील जुना वाडा डोळ्यांपुढें आणावा. माजघर काळोखें, पण ओसरी उजेडाची. निजावें आंत, पण दिवस काढावा ओसरीवर. रेन यानें ओसरी पाहिली नव्हती. तरी वृद्धांच्या दिवसाचें मर्म त्याला तसेंच उमगलें होतें. उत्तम उजेड त्यानें कोणा एकाच्या खोलीला न देतां सर्वांच्या जागेला दिला. परिणामतः जो म्हातारा उजेडाच्या ओढीनें बाहेर येई, त्याला आपोआप शेजाऱ्यांची सोबत मिळे.

दुसरी गोष्ट जिन्याची. थोरामोठ्यांच्या प्रासादांत जिना हा वैभव दाखविण्याचें साधन असे. येथें रेन यानें पायऱ्यांची उंची मुद्दाम कमी ठेवली आणि पाऊल ठेवण्याची जागा रुंद केली. गुढग्यांत गोळी बसलेला, संधिवातानें पाय आखडलेला शिपाई वरच्या मजल्यावर चढूं शकावा, हा त्यांतील हेतु. त्या काळीं अशा विचाराला कांहीं शास्त्रीय नांव नव्हतें, नियमांचें पुस्तकही नव्हतें. चढणारा कोण आहे, एवढेंच लक्षांत घेऊन पायरी आंखली गेली. पुढच्या शतकांत जी गोष्ट कायद्यानें सांगावी लागली, ती येथें केवळ समजुतीनें झाली होती.

मूळ आराखडा अपुरा पडूं लागल्यामुळें पुढें दोन्ही बाजूंस आणखी दोन चौक वाढविण्यांत आले, आणि इ. स. १६९२ च्या फेब्रुवारींत पहिले रहिवासी आंत आले. मार्चअखेर त्यांची संख्या ४७६ झाली. जागेहून गरजवंत अधिक, म्हणून बाकीच्यांना बाहेर राहून पेन्शन घेण्याची सोय करावी लागली. जो आंत राहावयास येई, तो आपली पेन्शन संस्थेस देई व बदल्यांत छप्पर, अन्न, वस्त्र व शुश्रूषा मिळवी.

आतां या वास्तूचे दोषही सांगितले पाहिजेत. सहा फुटांच्या खोलीला स्वतःची खिडकी नव्हती. दालनांतून जो उजेड पाझरे, तोच तिच्या वांट्याला. निरोगी माणूस दिवसभर बाहेर बसेल. पण जो आजारी, जो मनानें उदास, ज्याला चारचौघांत बसवत नाहीं, त्याचें काय? सोबत ही इच्छेनें मिळाली तर सुख, आणि नाइलाजानें मिळाली तर शिक्षा. शिवाय स्नानादि सोयी सामाईक होत्या. रात्रीं उठणाऱ्या वृद्धाला लांब दालन ओलांडून जावें लागे. दार असलेली खोली देऊन रेन यानें त्या काळच्या मानानें मोठी प्रतिष्ठा दिली, हें खरें. पण तेंच माप पुढें अडीच शतकांहून अधिक काळ बदललें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

याहून मोठा ऱ्हास भोजनगृहाच्या बाबतींत झाला. थोरल्या दालनांत सर्वांनीं एका पंक्तींत जेवावें, हा मूळ संकल्प. परंतु दालन जितकें सुंदर, तितके त्याचे वांटेकरी अधिक. पुढें पेन्शनरांचें जेवण निवासदालनांत होऊं लागलें, आणि भोजनगृहाचा उपयोग इतर कामांस होऊं लागला. इ. स. १८०८ त पोर्तुगालमधील सिंत्राच्या तहासंबंधीं सेनापतींची चौकशी या संस्थेंत झाली. इ. स. १८५२ त ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचा देह लोकांच्या दर्शनासाठीं याच दालनांत ठेवण्यांत आला होता, आणि त्या दर्शनाच्या गर्दींत माणसें चेंगरून मृत्यु पावलीं. लष्करी परीक्षाही तेथें होत. ज्यांच्यासाठीं तें दालन बांधलें, ते मात्र आपल्या खाटेजवळ ताट घेऊन बसत.

चेल्सीचें भावंड म्हणतां येईल असें ग्रीनिच येथील नाविकांचें आश्रयस्थान. इ. स. १६९४ त त्याची स्थापना झाली. त्याचाही स्थपति रेनच. तेथील भोजनगृहाच्या छतावर व भिंतींवर सर जेम्स थॉर्नहिल यानें इतकी अप्रतिम चित्रें काढलीं, कीं तें भोजनगृह म्हाताऱ्या खलाशांच्या जेवणास फारच उंची ठरलें! ते खालच्या तळघरवजा दालनांत जेवूं लागले आणि वरचें चित्रित दालन पाहुण्यांना दाखविण्याची वस्तु झाली. इ. स. १८६९ त ती संस्थाच नाविकांना बंद झाली. या दोन उदाहरणांतून एक धडा निघतो. वृद्धांसाठीं बांधलेली सामाईक जागा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठीं सजली, कीं ती वापरणाऱ्यांच्या हातून निसटते.

चेल्सीचा शिपाई तरीही भाग्यवान म्हणावा. सामान्य गरीब वृद्धाच्या वांट्याला आलें तें वर्कहाउस, म्हणजे दरिद्रगृह. इ. स. १८३४ च्या कायद्यानें या गृहांची अशी व्यवस्था लावली, कीं आंत येण्याची कोणास इच्छाच होऊं नये. पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे. जन्मभर संसार केलेल्या जोडप्याची दारांतच ताटातूट होई. इ. स. १८४७ त साठ वर्षांवरील दांपत्यांस एकत्र खोली मागण्याची मुभा देण्यांत आली. वास्तुशास्त्र हें दयेचें जसें साधन होऊं शकतें, तसेंच तें भीतीचेंही होऊं शकतें. त्याच विटा, तोच चुना. पण एका ठिकाणीं पायरी आखतांना चढणाऱ्याचें दुःख मनांत होतें, आणि दुसऱ्या ठिकाणीं भिंत आखतांना येणाऱ्याला परावृत्त करण्याचा हेतु मनांत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडनें हा कलंक धुवून काढण्याचें मनावर घेतलें. इ. स. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्यानें वृद्धांसाठीं निवासाची सोय करण्याचें कर्तव्य स्थानिक संस्थांवर सोंपविलें. पण कायदा एका दिवसांत बदलतो, इमारती बदलत नाहींत. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञानें निरनिराळ्या प्रकारच्या १७३ निवासगृहांस भेटी दिल्या आणि इ. स. १९६२ त आपले निष्कर्ष ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. जुनीं दरिद्रगृहें नांव बदलून तशींच चाललेलीं त्यास आढळलीं. भिंतींच्या कडेनें मांडलेल्या खुर्च्या, त्यांवर रिकामे बसलेले वृद्ध, आणि सामाईक जागा असूनही एकमेकांपासून दुरावलेलीं मनें, असें चित्र त्याच्या ग्रंथानें लोकांपुढें उभें केलें. एका ओळींत भिंतीशीं बसलेल्या माणसांना एकमेकांचें तोंडही धड दिसत नाहीं. तींच माणसें लहानशा मेजाभोंवतीं बसविलीं, तर चार शब्दांची देवघेव होते. म्हणजे सोबत निर्माण होण्यास केवळ मोठी खोली पुरत नाहीं. खुर्ची कोणत्या दिशेस तोंड करून आहे, यालाही महत्त्व आहे.

याच शतकांत नेत्रवैद्यकानें एक महत्त्वाची गोष्ट उघड केली. वयोमानानें डोळ्यांतील भिंग पिवळसर व जाड होतें आणि बाहुली अंधारांत पूर्वीसारखी विस्तारत नाहीं. त्यामुळें विशींतील तरुणाच्या नेत्रपटलावर जेवढा प्रकाश पोंचतो, त्याच्या सुमारें एकतृतीयांशच साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर पोंचतो. तरुण अधिकाऱ्याला जी खोली उजेडाची वाटते, ती त्याच वेळीं तेथें राहणाऱ्या वृद्धाला सायंकाळसारखी भासत असते. परंतु नुसता उजेड वाढवूनही भागत नाहीं. झांकण नसलेला प्रखर दिवा म्हाताऱ्या डोळ्यांना दिपवितो; चकचकीत फरशी ओली असल्याचा भास होऊन पाऊल अडखळतें. उजेड भरपूर हवा, पण पसरलेला हवा. पायरीची कड वेगळ्या रंगानें उठून दिसावी, दाराचा रंग भिंतीहून निराळा असावा, कठडा हाताला सहज सांपडावा. जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें याकोब फुगर यानें इ. स. १५२१ त गरिबांसाठीं वसविलेल्या फुगराय या वसाहतींत दारावरच्या घंटांच्या ओढण्या निरनिराळ्या आकारांच्या आहेत. दिवे नसलेल्या गल्लींत काळोखांतही प्रत्येकास हातानें चांचपून आपलें दार ओळखतां यावें, ही त्यांतली युक्ति. डोळा थकला तर हातानें पाहावें, ही जाण तितकी जुनी आहे.

हॉलंडमध्यें हर्मन हर्ट्झबर्गर या स्थपतीनें ॲम्स्टरडॅम येथें इ. स. १९७४ च्या सुमारास पूर्ण केलेलें वृद्धनिवास या विचाराला पुढें घेऊन गेलें. आंतले रस्ते व मधला चौक त्यानें गांवासारखे कल्पिले, आणि खोल्यांना आडवे दुभागलेले दरवाजे दिले. खालचा भाग मिटलेला, वरचा उघडा. आंतला माणूस आपल्या खोलींतच आहे, पण जाणाऱ्या-येणाऱ्याशीं दोन शब्द बोलूं शकतो. बोलावयाचें नसेल तर वरचाही भाग लोटून घ्यावा. चेल्सीच्या रचनेंत जी निवड माणसाला नव्हती, ती या अर्ध्या दारानें त्याच्या हातीं दिली.

मधल्या काळांत चेल्सीवर संकटें कमी आलीं नाहींत. पहिल्या महायुद्धांत, इ. स. १९१८ त, तेथील एक भाग बाँबनें पडला. तो बांधून झाल्यावर इ. स. १९४५ त रॉकेटनें पुन्हां उद्ध्वस्त झाला. इ. स. १९४१ त रुग्णविभागही बाँबस्फोटांत नाहींसा झाला. वृद्धांच्या घरावर युद्ध असें दोनदां चालून आलें. त्यानंतर मात्र दोन चांगल्या गोष्टी लागोपाठ घडल्या. इ. स. १९५४-५५ त सहा फुटांची खोली नऊ फुटांची झाली. आणि त्याच सुमारास, इ. स. १९५५ त, थोरलें दालन पुन्हां भोजनगृह झालें. दीर्घ काळानंतर पेन्शनर आपल्या मूळच्या पंक्तीवर परत येऊन बसले.

इ. स. २००९ त स्त्री-सैनिकांनाही येथें प्रथमच प्रवेश मिळाला. त्याच काळांत निवासदालनांचें नूतनीकरण हातीं घेतलें गेलें व तें इ. स. २०१५ त पूर्ण झालें. प्रत्येक खोलीला जोडून स्वतंत्र स्नानगृह व शौचालय मिळालें आणि लिहावयास-वाचावयास बसण्याची लहानशी जागाही मिळाली. येथें एक अवघड पेंच होता. रेन याच्या हातची ओक लांकडाची रचना हा राष्ट्राचा ठेवा. तिला धक्का लावावा कीं न लावावा? जुनें जसेंच्या तसें राखावें, तर ऐशी वर्षांच्या माणसानें मध्यरात्रीं स्नानगृहासाठीं दालन तुडवावें. आणि सारेंच नवें करावें, तर वास्तूचा आत्मा हरपावा. अखेर ओकच्या फळ्या राखून त्यांच्यामागें नव्या सोयी बसविण्याचा मध्यम मार्ग स्वीकारला गेला. जुन्या वास्तूचा खरा मान ती जशीच्या तशी ठेवण्यांत नसून ज्या हेतूनें ती बांधली तो हेतु जागता ठेवण्यांत आहे, असा या निर्णयाचा अर्थ लावतां येतो.

सहा फूट, नऊ फूट आणि नंतर स्वतंत्र न्हाणीघर! तीन शतकांच्या वाटचालीचा हिशेब मांडला तर तो एवढाच दिसतो. परंतु या थोड्याशा फुटांत समाजाची वृद्धांविषयींची बुद्धि कशी बदलत गेली, हें मोजतां येतें. प्रथम वृद्धाला छप्पर दिलें गेलें, मग दार, मग उजेड, आणि सर्वांत शेवटीं दार उघडावें कीं मिटावें हें ठरविण्याचा अधिकार. छप्पर दयेनें देतां येतें. अधिकार द्यावयाचा तर समोरच्या माणसास आपल्या बरोबरीचा मानावें लागतें.

चेल्सीच्या बुटक्या पायऱ्यांवरून आजही पेन्शनर चढ-उतार करतात. त्या पायऱ्या पाहून कोणी थक्क होत नाहीं. पुष्कळांच्या तर त्या लक्षांतही येत नसतील. वृद्धांसाठीं केलेल्या उत्तम रचनेची हीच खूण आहे. ती डोळ्यांत भरत नाहीं. पायाला मात्र कळते.